एमबीए करायचंय? आधी थोडं गणित करू या!

इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षात आलं की एक प्रश्न चहूबाजूंनी यायला लागतो - "मग, पुढे काय?" लग्नात भेटलेले काका विचारतात, शेजारच्या काकू विचारतात, होस्टेलच्या मेसमध्ये शेजारी बसलेला ज्युनियरसुद्धा विचारतो. आपल्या वर्गातले निम्मे जण याला ठरलेलं उत्तर देतात, "एमबीए करायचा विचार आहे." समोरचा खूश होऊन मान हलवतो आणि विषय संपतो. "का?" असं मात्र कोणीच विचारत नाही. तो प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो तो थेट अॅडमिशनच्या इंटरव्ह्यूमध्ये, आणि तिथे बऱ्याच जणांची बोबडी वळते.

म्हणून ठरवलं की या वर्षीच्या अंकात याच विषयावर लिहायचं. एमबीए म्हणजे नेमकं काय, त्याच्या परीक्षा कोणत्या, खर्च किती आणि तो वसूल कधी होतो, हे सगळं एका जागी. एक आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे लेखात इंग्रजी शब्द बरेच येतील. सांभाळून घ्या. तसंही 'कटऑफ'ला मराठीत काय म्हणतात हे माझ्या मराठी मीडियमच्या मैत्रिणींनाही पटकन सांगता आलं नाही!

मॅनेजमेंट आपल्याच घरातलं!

आपल्याकडे असा एक समज आहे की एमबीए म्हणजे इंजिनियरिंग सोडून देणं. पण इतिहास बघितला तर उलटंच दिसतं. फ्रेडरिक टेलर हा मेकॅनिकल इंजिनियर. पोलादाच्या कारखान्यात फावड्याने माल उचलणाऱ्या कामगारांचं निरीक्षण करून त्याने शोधून काढलं की एका फावड्यात साधारण २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो माल असला की दिवसभरात सर्वात जास्त काम होतं. मग हलक्या मालासाठी मोठं फावडं आणि जड मालासाठी लहान फावडं! १९११ साली आलेलं त्याचं वैज्ञानिक व्यवस्थापनावरचं पुस्तक आजही अभ्यासलं जातं. कामगाराला त्याने यंत्रासारखं वागवलं अशी टीकाही त्याच्यावर भरपूर झाली, आणि ती टीकाही एमबीएच्या अभ्यासक्रमात शिकवतात.

नियोजन, संघटन, नियंत्रण अशी मॅनेजमेंटची कामं मांडणारा हेन्री फेयॉल हा फ्रान्समधला मायनिंग इंजिनियर. आणि बी. ई. प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये आपण सगळे जो गॅंट चार्ट चिकटवतो, तो हेन्री गॅंटचा. तोही मेकॅनिकल इंजिनियरच. तेव्हा मॅनेजमेंट हे काही परक्याचं घर नाही.

एमबीए ही पदवी अमेरिकेत हार्वर्डने १९०८ मध्ये सुरू केली. आपल्याकडे कोलकाता आणि अहमदाबाद ही पहिली दोन आय. आय. एम. १९६१ साली सुरू झाली. कोलकात्याला एमआयटीच्या स्लोन स्कूलची मदत होती आणि अहमदाबादला हार्वर्डची. मुंबईचं जमनालाल बजाज, म्हणजे आपलं 'जेबीआयएमएस', १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या सहकार्याने सुरू केलं.

दोन वर्षांत शिकवतात काय?

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी ट्रेनिंगला होते. तिथे एक सीएनसी मशीन दिवसाचे तीन-तीन तास नुसतं उभं असायचं. मशीन चांगलं, ऑपरेटर हुशार, प्रोग्रॅम बरोबर. मग अडलं कुठे? तर आधीच्या मशीनवरून माल वेळेत येत नव्हता. आधीच्या मशीनवर माल का अडकला? तर स्टोअरमधून इन्सर्ट मिळाले नव्हते. इन्सर्ट का नव्हते? तर खरेदीची ऑर्डर सहीसाठी टेबलावर पडून होती! आमच्या चारही वर्षांच्या सिलॅबसमध्ये कटिंग स्पीडचा फॉर्म्युला आहे, पण टेबलावर पडलेल्या कागदाचा फॉर्म्युला नाही. एमबीएमध्ये शिकवतात तो साधारण हा भाग.

पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं असतं. अकाउंट्स, इकॉनॉमिक्स, स्टॅटिस्टिक्स, मार्केटिंग, फायनान्स, ऑपरेशन्स आणि माणसं कशी वागतात हे सांगणारं ऑर्गनायझेशनल बिहेवियर. मग दोन महिन्यांची समर इंटर्नशिप. दुसऱ्या वर्षी आपापल्या आवडीचे विषय, म्हणजे स्पेशलायझेशन.

शिकवण्याची पद्धत मात्र आपल्यापेक्षा वेगळी असते. बऱ्याच चांगल्या संस्थांमध्ये 'केस' शिकवतात. एखाद्या खऱ्या कंपनीची दहा-वीस पानी गोष्ट आदल्या रात्री वाचून जायची आणि वर्गात भांडायचं, "तुम्ही मॅनेजर असता तर काय केलं असतं?" आपल्या मुंबईच्या डबेवाल्यांवरसुद्धा हार्वर्डची केस आहे, २०१० मधली. मावळ, जुन्नर, आंबेगाव, खेड भागातली, कमी शिकलेली माणसं, डब्यावरच्या खुणा आणि लोकलचं टाइमटेबल यांच्या जोरावर हजारो डबे बिनचूक कसे पोचवतात, हे जगभरातल्या एमबीएवाल्यांनी अभ्यासलंय. गंमत बघा, डबेवाल्यांनी एमबीए केलं नाही, पण एमबीएवाल्यांना डबेवाले करावे लागतात! त्यातून हेही कळतं की मॅनेजमेंट डिग्रीशिवायही शिकता येतं. डिग्री ते एका ठिकाणी, दोन वर्षांत आणि भरपूर पैसे घेऊन शिकवते.

एमबीए, एमएमएस की पीजीडीएम?

यात घोळ होतो म्हणून थोडक्यात सांगते. विद्यापीठाशी संलग्न संस्था एमबीए देते. मुंबई विद्यापीठात त्यालाच एमएमएस म्हणतात. स्वायत्त संस्था पीजीडीएम, म्हणजे डिप्लोमा देते. पण डिप्लोमा म्हटल्यावर नाक मुरडू नका. अनेक वर्षं आय. आय. एम. सुद्धा डिप्लोमाच द्यायच्या. २०१७ च्या आय. आय. एम. कायद्यानंतर त्यांना पदवी देता येऊ लागली. मात्र एखादी अनोळखी संस्था पीजीडीएम देत असेल तर तिला एआयसीटीईची मान्यता आहे का, हे आधी बघा. बाहेरची चकचकीत काचेची बिल्डिंग म्हणजे मान्यता नव्हे.

दरवाजे किती?

(१) कॅट. आय. आय. एम. मध्ये जायचा हा मुख्य दरवाजा. पवईचं नीटी २०२३ पासून आय. आय. एम. मुंबई झालं आणि नागपूरला २०१५ पासून आय. आय. एम. आहे, म्हणजे आपल्या राज्यातच आता दोन आहेत. कॅट नोव्हेंबरच्या अखेरीस असते. पदवीला ५० टक्के लागतात (अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ४५) आणि शेवटच्या वर्षात असतानाही बसता येतं. पेपर दोन तासांचा आणि तीन भागांचा. इंग्रजी, डेटा व लॉजिक, आणि गणित. प्रत्येक भागाला चाळीस मिनिटं, आणि ती संपेपर्यंत दुसऱ्या भागात जाता येत नाही.

(२) महाराष्ट्राची एमबीए-सीईटी. जेबीआयएमएस, सिडनहॅमचं सिमस्री, पुणे विद्यापीठाचं पुम्बा आणि राज्यातली बहुतेक कॉलेजेस यातून मिळतात. १५० मिनिटांत २०० प्रश्न आणि निगेटिव्ह मार्किंग नाही.

(३) बाकीच्या. जमशेदपूरच्या एक्सएलआरआयची झॅट, सिम्बायोसिसची स्नॅप, एनएमआयएमएससाठी एनमॅट, आणि सीमॅट. परदेशात किंवा हैदराबादच्या आयएसबीला जायचं तर जीमॅट. जीमॅटचा स्कोअर पाच वर्षं चालतो, कॅटचा एकच वर्ष.

सगळ्या परीक्षा द्यायच्या म्हटलं तर फॉर्मचेच हजारो रुपये होतात. तेव्हा आधी कॉलेज ठरवा, मग परीक्षा. आपण नेमकं उलटं करतो!

कॅट आणि सीईटीमधला फरक

या दोन परीक्षांचा स्वभाव पूर्ण वेगळा आहे, आणि तो समजायला आपलं एम-थ्रीमधलं प्रॉबॅबिलिटीचं चॅप्टर पुरतं.

सीईटीत २०० प्रश्नांना १५० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. निगेटिव्ह नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणं हा निव्वळ वेडेपणा आहे. शेवटची दोन मिनिटं राखून ठेवून उरलेले सगळे गोल भरून टाकायचे. ही वेगाची परीक्षा आहे. २०० पैकी ७५ प्रश्न लॉजिकल रीझनिंगचे आणि २५ आकृत्यांचे असतात, म्हणजे निम्मा पेपर झाला. त्यामुळे गणितात ढ असलेल्यांनाही इथे चांगला चान्स आहे.

कॅटमध्ये बरोबर उत्तराला ३ गुण आणि चुकीला उणे १. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला तर काय होईल? बरोबर येण्याची शक्यता १/४, तिचे ३/४ गुण. चुकण्याची शक्यता ३/४, तिचे उणे ३/४ गुण. बेरीज शून्य! म्हणजे आंधळा तुक्का ना नफा ना तोटा. पण एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं, तर उरलेल्या तिघांत (१/३ × ३) - (२/३ × १) = १/३ गुण, म्हणजे सरासरी फायदा. दोन पर्याय काढता आले तर तोच फायदा १ गुण. थोडक्यात, थोडं तरी कळलं असेल तर उत्तर द्या, काहीच कळलं नसेल तर पुढे चला. जिथे पर्याय नसतात, उत्तर टाइप करायचं असतं, तिथे निगेटिव्ह नाही, तेव्हा ते सोडू नका.

कॅटच्या गणिताला इंजिनियरिंगचं गणित लागत नाही. इंटिग्रेशन नाही, लाप्लास नाही. टक्केवारी, काळ-काम-वेग, गुणोत्तर, समीकरणं, भूमिती. म्हणजे दहावीपर्यंतचं आणि थोडं पुढचं, पण फिरवून फिरवून विचारलेलं. इंग्रजीचं म्हणाल तर व्याकरण पाठ करून फारसं काही होत नाही. २०२४ च्या कॅटमध्ये इंग्रजीचे २४ प्रश्न होते, त्यातले १६ उताऱ्यांवरचे. उतारे कशावरही येतात, तत्त्वज्ञान, पक्षी, शहरांचा इतिहास. मराठी मीडियमच्या मुलांना याचीच भीती वाटते. पण उतारा समजणं हे फाडफाड इंग्रजी बोलण्यापेक्षा वेगळं आहे. माझी एक रूममेट झेडपीच्या शाळेत शिकलेली. रोज पेपरातला एक अग्रलेख वाचून ती त्याचा सारांश मराठीत दोन ओळींत लिहिते, आणि मॉक टेस्टमध्ये उताऱ्यांत माझ्या पुढे असते. तिला विचार पकडायची सवय झालीय, भाषा कुठलीही असो.

पर्सेंटाइलचं गौडबंगाल

९९ पर्सेंटाइल म्हणजे ९९ टक्के मार्क नव्हेत. तुमच्या मागे शंभरातले ९९ जण आहेत, एवढाच त्याचा अर्थ. २०२४ ची कॅट सुमारे २ लाख ९३ हजार जणांनी दिली. म्हणजे ९९ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे साधारण २,९०० जण असतात आणि ९९.९ वाल्याच्या पुढे २९०. मार्क मात्र निम्म्याच्या आसपास असले तरी ९९ पर्सेंटाइल येऊ शकतं. तेव्हा सगळे प्रश्न सुटलेच पाहिजेत हे डोक्यातून काढून टाका.

आणि एवढं करूनही कॉल येईलच असं नाही. कॉल देताना आणि शेवटी निवड करताना अनेक आय. आय. एम. दहावी-बारावीचे आणि पदवीचे मार्क, नोकरीचा अनुभव हेही धरतात. काही ठिकाणी मुलींना आणि इंजिनियरिंग सोडून इतर शाखांच्या मुलांना थोडे जास्तीचे गुण असतात, कारण वर्गात नुसते इंजिनियरच बसले तर केसवर भांडायला मजा काय? त्यामुळे इंजिनियर मुलांना तेवढ्याच कॉलसाठी जास्त पर्सेंटाइल लागतं. दहावीचे मार्क आता बदलणार नाहीत. पण एफ. ई. आणि एस. ई. च्या मित्रमैत्रिणींनो, तुमचा सीजीपीए अजून तुमच्या हातात आहे. केटी लागली की ती मार्कशीटवर राहते आणि इंटरव्ह्यूमध्ये तिच्यावरच पहिला प्रश्न येतो.

आता खरं गणित

हा भाग पेन-कागद घेऊन वाचा. इंजिनियरिंग इकॉनॉमिक्समध्ये आपण मशीन घ्यावं की नाही ते काढतो ना, तसंच. इथे मशीन म्हणजे आपण स्वतः!

एमबीएचा खर्च म्हणजे नुसती फी नव्हे. त्या दोन वर्षांत जो पगार मिळाला असता तोही खर्चच. (राहण्या-खाण्याचा खर्च नोकरीतही होतोच, म्हणून तो धरलेला नाही.) समजा, आत्ता वर्षाला ४ लाखांची नोकरी मिळतेय आणि पगार दर वर्षी १० टक्क्यांनी वाढेल. मग दोन वर्षांचा बुडालेला पगार ४ + ४.४ = ८.४ लाख. तिसऱ्या वर्षी, एमबीए न करताच, पगार ४.८४ लाख झाला असता. आता दोन कॉलेजेस घेऊ. आकडे मी मानलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

कॉलेज 'अ': फी २० लाख, नंतरचा पगार १२ लाख.
एकूण खर्च २० + ८.४ = २८.४ लाख. पहिल्या वर्षीचा फायदा १२ - ४.८४ = ७.१६ लाख. दोन्ही पगार १० टक्क्यांनी वाढत गेले तर पुढचे फायदे ७.८८, ८.६६, ९.५३ लाख. बेरीज करत गेलं तर चौथ्या वर्षात खर्च वसूल!

कॉलेज 'ब': फी १२ लाख, नंतरचा पगार ६ लाख.
एकूण खर्च १२ + ८.४ = २०.४ लाख. पहिल्या वर्षीचा फायदा ६ - ४.८४ = फक्त १.१६ लाख. याच पद्धतीने बेरीज केली तर खर्च वसूल व्हायला अकरावं वर्ष उजाडतं!

म्हणजे फी कमी म्हणून जे कॉलेज 'स्वस्त' वाटत होतं तेच महाग निघालं. आणि यात पैशाची घटती किंमत धरलेलीच नाही. दहा टक्के दराने, पाच वर्षांनी मिळणाऱ्या १० लाखांची आजची किंमत ६.२१ लाखच असते. त्या हिशेबाने 'अ' साठी चार आणि 'ब' साठी जवळजवळ अठरा वर्षं लागतात. एमबीए संपल्यावर अठरा वर्षांनी आपण चाळिशीच्या पुढे गेलेले असू!

हे गणित केल्यावर मला जाणवलं की 'एमबीए करावं की नाही' हा प्रश्नच अर्धवट आहे. 'कुठून, किती पैशांत आणि कशासाठी' हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. राज्यातल्या सरकारी आणि विद्यापीठाच्या संस्थांची फी खासगी संस्थांपेक्षा बरीच कमी असते, म्हणून सीईटीत चांगला नंबर आला तर हे गणित सर्वात छान जमतं. त्यासाठी कॅप राउंडची कागदपत्रं आधीच तयार ठेवा. डोमिसाइल, जातीचा दाखला असेल तर त्याची व्हॅलिडिटी, नॉन-क्रीमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस सर्टिफिकेट. पर्सेंटाइल असून कागदासाठी सीट जाणं यासारखं दुःख नाही. महाडीबीटीवरच्या फी सवलतीच्या योजनाही बघा. त्या कॅपमधून मिळालेल्या प्रवेशासाठी असतात, मॅनेजमेंट कोट्यासाठी नाहीत.

कर्ज : घरातलं न बोललं जाणारं प्रकरण

बहुतेकांसाठी एमबीए म्हणजे एज्युकेशन लोन. समजा २० लाखांचं लोन चार सेमिस्टरमध्ये ५-५ लाख असं उचललं आणि व्याज १० टक्के आहे. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याजाचं मीटर चालू असतं. दोन वर्षं संपेपर्यंत साधं व्याज अडीच लाख होतं. आता २२.५ लाख दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता महिना सुमारे २९,७३० रुपये. दहा वर्षांत एकूण भरणार साधारण ३५ लाख ६८ हजार. घेतले वीस, दिले साडेपस्तीस! शिकत असतानाच दर महिन्याचं व्याज भरलं तर हा डोंगर थोडा कमी होतो.

साडेसात लाखांवरच्या लोनला बँका साधारणपणे तारण मागतात. नामवंत संस्थांची यादी बँकांकडे असते, तिथे प्रवेश मिळाला तर बिनतारण मोठं लोन मिळतं. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेतही निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदार लागत नाही. म्हणजे चांगलं कॉलेज असेल तर घर तारण ठेवावं लागत नाही, आणि साध्या कॉलेजसाठी ठेवावं लागतं. ज्याची परतफेड अवघड, त्यालाच घर गहाण. हे उलटं वाटतं, पण बँकेने आपल्याआधी हेच गणित केलेलं असतं!

आमच्या घरी हा विषय दिवाळीत निघाला. बाबा एका वाक्यात म्हणाले, "फ्लॅट आहे ना, ठेवू तारण." त्या फ्लॅटचा शेवटचा हप्ता मागच्याच वर्षी फिटलाय. पंधरा वर्षं आई-बाबांनी कुठे फिरायला न जाता तो फेडलाय, हे मला माहीत आहे. आपले आई-वडील आपल्याला नाही म्हणत नाहीत. म्हणूनच हिशेब आपण करायचा असतो. मी वहीत 'अ' आणि 'ब' मांडून बाबांना दाखवलं आणि सांगितलं की कॅट-सीईटी दोन्ही देईन, पण पाच वर्षांत वसूल होणारं कॉलेज मिळालं तरच जाईन, नाहीतर आधी नोकरी करीन. बाबा बराच वेळ वही बघत बसले. मग म्हणाले, "इंजिनियरिंगची फी वसूल झाली म्हणायची!"

प्लेसमेंटचा आकडा कसा वाचायचा?

वरचं सगळं गणित एका आकड्यावर उभं आहे, तो म्हणजे नंतरचा पगार. आणि जाहिरातीत सर्वात जास्त फसवणूक होते ती याच आकड्यात. समजा वर्गात दहा जण आहेत. नऊ जणांना ६ लाख आणि एकाला ४६ लाख. सरासरी किती? १० लाख! ब्रोशरवर छापणार 'अॅव्हरेज पॅकेज १० लाख, हायेस्ट ४६ लाख'. पण तुम्हाला मिळण्याची शक्यता आहे ६ लाखांची. म्हणून नेहमी मीडियन विचारा, म्हणजे रांगेत मधोमध उभा असलेल्याचा पगार. शिवाय हे विचारा -

(१) प्लेसमेंटला बसलेल्यांपैकी किती टक्के, की पास झालेल्यांपैकी किती टक्के?
(२) पॅकेज म्हणजे सीटीसी की फिक्स पगार? सीटीसीत पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस सगळं धरतात. ते महिन्याला हातात येत नाही.
(३) रिपोर्ट बाहेरच्या कोणी तपासलेला आहे का?
(४) कोणत्या कामासाठी घेतलं? 'मॅनेजर' नावाखाली दारोदार पॉलिसी विकायचं काम असू शकतं.

कॉलेजने उत्तर टाळलं तर तेही एक उत्तरच समजा. आणि शक्य असेल तर मागच्या वर्षीच्या पास झालेल्या दोन-तीन जणांशी बोला. टॉपरशी नाही, मधल्या नंबरवाल्याशी!

लगेच की नोकरी करून?

यावर दोन्ही बाजूंनी मतं आहेत. लगेच केलं तर अभ्यासाची सवय असते, जबाबदाऱ्या नसतात आणि बुडालेला पगारही कमी असतो. आधी दोन-तीन वर्षं नोकरी केली तर वर्गातल्या केसमधलं निम्मं आपण प्रत्यक्ष बघितलेलं असतं, थोडे पैसे साठतात, आणि मुख्य म्हणजे आपल्याला काय आवडत नाही ते कळतं. परदेशी एमबीएला तर अनुभव बहुतेक ठिकाणी लागतोच.

माझ्या मते कसोटी एकच. स्पेशलायझेशन आत्ता सांगता येतंय का? "बघू, फायनान्स किंवा मार्केटिंग, जे चांगलं असेल ते" असं उत्तर असेल तर थोडी नोकरी केलेली बरी. आणि ज्यांना खरंच डिझाइन, कोडिंग, रिसर्च आवडतं, त्यांनी सगळे चाललेत म्हणून एमबीएच्या रांगेत उभं राहू नये. गेट, एम. टेक., एम. एस., स्पर्धा परीक्षा हे रस्तेही तितकेच मोठे आहेत. चांगला डिझायनर वाया घालवून एक कंटाळलेला मॅनेजर तयार करण्यात कोणाचाच फायदा नाही.

"व्हाय एमबीए?"

शेवटी तो प्रश्न येतोच. "पॅकेजसाठी" हे उत्तर खरं असलं तरी अपुरं आहे. "मला लीडरशिप क्वालिटीज डेव्हलप करायच्या आहेत" हे पॅनेलने हजार वेळा ऐकलेलं आहे. चांगल्या उत्तरात तीन गोष्टी असाव्यात असं आमच्या टीपीओ सरांनी सांगितलं. मी आत्तापर्यंत काय केलं, त्यात काय कमी पडलं, आणि ते इथेच का मिळेल. माझं उत्तर सध्या तरी त्या उभ्या राहिलेल्या सीएनसी मशीनपासून सुरू होतं. तुमचं तुम्ही शोधा. ते उसनं आणता येत नाही, कारण दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

आणि हो, इंजिनियरिंगचे बेसिक्स विसरू नका. पॅनेलला माहीत असतं की तुम्ही मेकॅनिकलवाले आहात. थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम सांगता आला नाही तर "चार वर्षं केलंत काय?" हा प्रश्न ठरलेला आहे.

आता करायचं काय?

टी. ई. वाल्यांनी आजपासून रोज एक तास. अर्धा तास वाचन, अर्धा तास गणित किंवा कोडी. महिन्याला एक मॉक, आणि मॉक देण्यापेक्षा ती तपासण्यात दुप्पट वेळ. क्लास लावायचा की नाही हे खिशावर ठरवा. जुनी पुस्तकं लायब्ररीत आणि सीनियर्सकडे पडून आहेत, त्यांना फक्त उचलायचं आहे. आणि या सगळ्याच्या आधी, आजच रात्री, वहीचं एक पान घ्या. डावीकडे फी आणि बुडणारा पगार, उजवीकडे मीडियन पगार आणि त्यातला फरक. खाली एक ओळ, 'मला एमबीए का करायचंय?' ते पान भरलं की घरी दाखवा. कोणत्याही फॉर्मवर सही करण्याआधी त्या पानावर घरातल्या सगळ्यांचं एकमत व्हायला हवं.

सर्वांना मनापासून शुभेच्छा!